बूच बसवण्याआधीचा हिशेब

सायडरविषयी लिहिणारे बहुतेक जण बागेपासून सुरुवात करतात. ऑक्टोबरमधली सॉमरसेटची नाहीतर हेरफर्डशरची बाग, झाडाखाली पडलेला सफरचंदांचा सडा, लगदा करणारे यंत्र, फडक्यात बांधून एकावर एक रचलेले थर, त्यावर आवळत जाणारा दाबयंत्राचा स्क्रू आणि खाली धरलेल्या भांड्यात पडणारा तपकिरी रस. हे सगळे देखणे आहे, खरेही आहे. पण सायडरचे कसब त्यात नाही. रस निघेपर्यंतचे काम अंगमेहनतीचे असते आणि रस निघाल्यावर तो आंबायला माणसाची गरज नसते. सफरचंदाच्या सालीवर, दाबयंत्राच्या लाकडावर आणि कापडावर यीस्ट असतेच. रस पिंपात किंवा काचेच्या मोठ्या बरणीत भरा, हवा आत शिरणार नाही पण वायू बाहेर पडेल अशी नळी तोंडाला लावा आणि थंड खोलीत ठेवून द्या. डिसेंबरपर्यंत त्याची दारू झालेली असते. भट्टी नाही, ऊर्ध्वपातन नाही. पाच ते आठ टक्के अल्कोहोलचे हे पेय सफरचंद पिकणाऱ्या प्रदेशांत शेकडो वर्षे असे आपापले होत आले आहे. माणसाच्या निर्णयाला खरी किंमत येते ती त्यानंतर, ते बाटलीत भरताना. सायडरचे शास्त्र, तिचा इतिहास आणि तिचा धोका हे तिन्ही बाटलीच्या तोंडाशी येऊन भेटतात, आणि तरी सायडरच्या वर्णनात बाटलीला शेवटच्या एखाद्या वाक्यापलीकडे जागा मिळत नाही. ही वाटणी उलटी आहे, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. चांगल्या सफरचंदाच्या रसाची घनता पाण्याच्या तुलनेत १.०५० च्या आसपास असते. म्हणजे लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर. यीस्ट ती खाते तेव्हा ढोबळमानाने निम्म्या वजनाचे अल्कोहोल होते आणि निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड. लिटरमागे चार ग्रॅम साखर आंबली की सुमारे एक लिटर वायू तयार होतो. शंभर ग्रॅमचा वायू म्हणजे पंचवीस लिटर. तो सगळा एका लिटरच्या बाटलीत कोंडायचा म्हटले तर कोणतीही काच टिकणार नाही. बियरमध्ये लिटरमागे साधारण अडीच लिटर वायू असतो, शॅम्पेनमध्ये पाच ते सहा. याचा अर्थ असा, की घरी सायडर करणाऱ्याने शंभरातल्या नव्वदाहून अधिक ग्रॅम साखरेचा वायू निमूटपणे हवेत जाऊ द्यायचा आणि शेवटच्या सहा-आठ ग्रॅमचा तेवढा पकडायचा. पकडायला आधी गेला तर बाटली फुटते. उशिरा गेला तर सायडर सपक राहते. म्हणून सावध माणूस आंबणे पुरते थांबू देतो, हायड्रोमीटरचा आकडा १.००० किंवा त्याखाली येऊन दोन-तीन आठवडे हलत नाही याची खात्री करतो, वरची नितळ सायडर गाळावरून अलगद काढून घेतो आणि मग लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम साखर मोजून घालून बूच लावतो. पाऊण लिटरच्या बाटलीला पाच-सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा सव्वा ते दीड चमचा. एवढ्याशा साखरेवर उरलेसुरले यीस्ट पुन्हा कामाला लागते आणि सायडरला जिवंतपणा येतो.

इथे नवशिक्याची नेहमीची चूक समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यामागे आळस नसतो, तर्क असतो. जानेवारीत बरणीतले बुडबुडे थांबतात. तो मोजतो, आकडा येतो १.०१०. चव थोडी गोड, छान. आंबणे संपले असे समजून तो बाटल्या भरतो. पण आंबणे संपलेले नसते, थंडीने मंदावलेले असते. घनतेच्या एका अंशामागे सुमारे दोन ग्रॅम साखर धरली तर दहा अंशांत वीस ग्रॅम उरलेली आहे; तिचा वायू लिटरमागे पाच लिटर, आणि सायडरमध्ये आधीपासून विरघळलेला साधारण एक लिटर वेगळाच. मे महिन्यात खोली तापते, यीस्ट जागे होते आणि बियरच्या बाटलीत शॅम्पेनचा दाब तयार होतो. बागेत मोहर आला की पिंपातली सायडरही हलते, असा जुना समज इंग्लंडच्या खेड्यांत होता. झाडाचा आणि पिंपाचा त्यात काही संबंध नाही, दोघांनाही ऊब लागते एवढेच. शिवाय याच सुमारास मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणूही जागे होतात. त्या बदलातही वायू सुटतो. लिटरला पाच ग्रॅम आम्ल असले तर तो लिटरभराच्या आतच राहतो, पण काठावरच्या बाटलीला तेवढे पुरते.

हा हिशेब आज शाळकरी पोरालाही करता येईल. सतराव्या शतकात तो कोणालाही येत नव्हता. यीस्ट हा सजीव आहे आणि आंबणे हे त्याचे काम आहे, हे पाश्चरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवले. तरीही इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या काही जमीनदारांनी आणि पाद्र्यांनी हा प्रश्न हाताने सोडवला होता, आणि त्यांना तो सोडवता आला याचे कारण बागेत नव्हते, काचेच्या भट्टीत होते. १६१५ साली राजा पहिल्या जेम्सने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. आरमाराच्या जहाजांसाठी ओक वाचवायचा होता. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, काचेची मक्तेदारी सर रॉबर्ट मॅन्सेल या आरमारी अधिकाऱ्याकडे गेली, आणि कोळशाच्या अधिक आचेमुळे काच जाड, गडद आणि पूर्वीपेक्षा कितीतरी मजबूत होऊ लागली. १६३०च्या दशकात सर केनेल्म डिग्बी यांच्या भट्टीने सेव्हर्न नदीकाठी न्यूनहॅमला या काचेच्या बाटल्या घडवल्या. १६६२ मध्ये या शोधाच्या हक्कावरून वाद झाला तेव्हा निवाडा डिग्बींच्या बाजूने लागला. न्यूनहॅम नकाशावर पाहण्यासारखे आहे. पाठीशी डीनच्या जंगलातल्या कोळशाच्या खाणी, आणि थोडे वर गेले की हेरफर्डशरच्या सफरचंदांच्या बागा. तिथल्या होम लेसीचे लॉर्ड स्कुडामोर, जे १६३५ पासून काही वर्षे पॅरिसमध्ये राजाचे वकील होते, रेडस्ट्रीक नावाच्या सफरचंदाची सायडर थोरामोठ्यांच्या मेजावर नेऊन बसवत होते. कोळसा, काच आणि कडसर सफरचंद एका टापूत यावेत हा निव्वळ भूगोलाचा योग. फ्रान्सकडे द्राक्षे होती, पण त्या काळी ही बाटली नव्हती.

मग साखर आली. डिसेंबर १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत दोन टिपणे पोचली. एक जॉन बील या हेरफर्डशरच्या पाद्र्याचे, सायडरविषयी. त्यात बाटलीत अक्रोडाएवढी साखर घालण्याचा उल्लेख आहे. दुसरे १७ डिसेंबरला डॉक्टर क्रिस्टोफर मेरेट यांनी वाचलेले. लंडनचे दारूवाले वाइनमध्ये साखर आणि काकवी घालून तिला फेसाळ करतात, असे त्यात नोंदले आहे. १६६४ मध्ये जॉन ईव्हलिन यांच्या ‘सिल्व्हा’ या वृक्षांवरच्या ग्रंथाला ‘पोमोना’ नावाची सायडरवरची पुरवणी जोडलेली होती. तीत बील यांच्याबरोबर सर पॉल नील आणि कॅप्टन सायलस टेलर यांचेही लेख आहेत. बाटल्या थंड झऱ्याच्या पाण्यात ठेवाव्यात, म्हणजे सायडर अधिक चपळ होते, अशी निरीक्षणे त्यांत सापडतात. अक्रोडाएवढ्या खड्याचे वजन पंधरा ते पंचवीस ग्रॅम धरले आणि त्या काळची बाटली लिटरहून थोडी लहान धरली, तर लिटरमागचे प्रमाण आज शॅम्पेनच्या बाटलीत दुसऱ्या आंबण्यासाठी घालतात त्या चोवीस ग्रॅमच्या आसपास येते. अक्रोड लहान-मोठे असतात, ही या मापाची अडचण. मापात दहा ग्रॅम इकडे-तिकडे म्हणजे अडीच लिटर वायूचा फरक. पण अंदाजाचा पल्ला बरोबर होता, आणि तो पेलणारी बाटली हाताशी होती.

शॅम्पेनचे अभिमानी इथे हरकत घेतील, आणि घ्यावीच. साखर घातल्याची एक नोंद सापडली म्हणून शोधाचा मान इंग्रजांना कसा द्यायचा? दों पेरिन्यों ओव्हिलेरच्या मठात कोठीचे प्रमुख म्हणून आले ते १६६८ मध्ये, म्हणजे मेरेट यांच्या टिपणानंतर सहा वर्षांनी. आणि त्यांची धडपड बाटलीतला फेस टाळण्याची होती, आणण्याची नव्हे. तेव्हा त्यांनी फेसाळ शॅम्पेन शोधली ही त्यांच्या नावावरची दंतकथा सहज बाजूला करता येते. पण दुसरी गोष्ट मान्य केली पाहिजे. बाटलीतला गाळ मानेशी आणून काढून टाकण्याची रीत शॅम्पेनमध्ये, मादाम क्लिको यांच्या तळघरात, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बसली. आणि साखरेचे नेमके मोजमाप शालों गावचे औषधविक्रेते जाँ-बाप्तिस्त फ्रांस्वा यांनी १८३६च्या सुमारास मांडले. तोवर तिथल्या तळघरांत बाटल्या इतक्या फुटत की कामगार लोखंडी मुखवटे घालून उतरत. म्हणजे कल्पना आणि काच सेव्हर्नच्या काठची, हिशेब मार्न नदीकाठचा. सायडरवाल्यांनी जे साधले ते अक्रोडाच्या मापाने, आणि त्यांना त्याचा नियम कधी लिहिता आला नाही. हे कबूल केल्याने माझा मुद्दा ढळत नाही. उलट मार्नकाठी पावणेदोनशे वर्षांनी जे कोडे सुटले तेही द्राक्षांचे नव्हते, बूच बसवण्याआधी उरलेल्या साखरेचेच होते. त्या फ्रेंच रीतीचे एक टोक महाराष्ट्रातही आले आहे. १९८०च्या दशकात नारायणगावच्या शॅटो इंडाजने फ्रेंच मदतीने बाटलीत आंबवलेली ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन काढली, आणि पुढे नाशिकजवळ दिंडोरीत शांदोंची वाइनरी उभी राहिली. इंग्लंडात हेरफर्डच्या बल्मर कंपनीने १९०६ मध्ये याच रीतीने सायडर काढायला सुरुवात केली होती. ‘शॅम्पेन सायडर’ असे नाव वापरण्यावरून बोलांजे या शॅम्पेनच्या घराण्याशी तिचा खटला झाला. १९७४चा त्यातला निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात, पण युरोपीय कायदा आणि न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्यासाठी. सायडरसाठी कोणी वाचत नाही.

दुसरी हरकत बागेकडून येते आणि ती अधिक वजनदार आहे. बाटली कितीही नीट भरा, सफरचंद चुकीचे असेल तर काय उपयोग? ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्राने १९०३ मध्ये सायडरच्या सफरचंदांचे चार वर्ग पाडले: आम्ल ०.४५ टक्क्यांच्या वर की खाली, टॅनिन ०.२ टक्क्यांच्या वर की खाली. ‘किंग्स्टन ब्लॅक’मध्ये आम्ल आणि टॅनिन दोन्ही भरपूर, ‘डॅबिनेट’मध्ये आम्ल कमी, टॅनिन जास्त. ही फळे हातात घेऊन खाण्याजोगी नसतात, तोंड आवळते. आपल्याकडे वाशीच्या बाजारात हिमाचलहून जे सफरचंद येते त्याचे मूळ सॅम्युअल स्टोक्स यांनी कोटगढला १९१६ मध्ये लावलेल्या अमेरिकी डेलिशसमध्ये आहे. ते खाण्यासाठी निपजलेले, गोड, आम्लाने बेताचे आणि टॅनिनने जवळपास कोरे. त्याची सायडर पातळ लागते आणि बाटली तिला टॅनिन देऊ शकत नाही. एवढे मान्य. पण फळाची निवड एकदा, झाड लावताना होते. इंग्लंडात ती बहुधा आजोबांच्या पिढीने केलेली असते. ज्याच्या परसात एकच झाड आहे त्याच्यापुढे निवड नसतेच. शिवाय चांगले फळ हे चांगल्या सायडरची हमी नाही, याचा पुरावा पिंपात आहे.

तो पुरावा तिसऱ्या हरकतीतून निघतो. सायडर हे मुळात शेतमजुराचे पेय, ती लाकडी पिंपातून थेट प्यायली जाई, बाटली ही जमीनदाराची चैन. मग बाटलीला गाभा म्हणणे हा वरच्या वर्गाचा इतिहास सांगणे नव्हे का? हरकत रास्त आहे. इंग्लंडच्या पश्चिमेकडे सायडर मजुरीचा भाग म्हणून दिली जाई, आणि ती प्रथा १८८७च्या ट्रक सुधारणा कायद्याने बेकायदा ठरवली. पण मजुराच्या वाट्याला काय येई? बरेचदा चोथ्यावर पाणी ओतून दुसऱ्यांदा दाबलेला रस आंबवून केलेली हलकी सायडर, तीही तोटी लावून निम्म्या झालेल्या पिंपातली. पिंपातून एक मग काढला की तेवढी हवा आत जाते. हवेवर जगणारे जीवाणू अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात, आणि हिवाळ्यात गोडसर असलेली सायडर उन्हाळ्यात सुगीच्या वेळी शिरक्याकडे झुकते. याहून वाईट गोष्ट डेव्हनमध्ये घडली: पोटशूळ आणि लुळेपणा आणणारा एक रोग तिथे पिढ्यान्‌पिढ्या होता. सर जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये त्याचा संबंध सायडरच्या दाबयंत्रांत वापरलेल्या शिशाशी जोडला. आंबट रस शिसे विरघळवतो. बाटली श्रीमंतांपुरती राहिली हा तिचा दोष नव्हे. पिंप गरिबांना काय देत होते ते पाहिल्यावर पिंपाविषयी हळवे व्हायचे कारण उरत नाही. आज तर चित्र उलटे झाले आहे. पिंप राखायला मोठी जागा आणि दर वर्षीचा भरपूर रस लागतो. घरी वीस लिटर करणाऱ्याला परवडते ती बाटलीच. एक उघडली तरी बाकीच्या बंद राहतात.

फेस हवाच कशाला, असेही कोणी विचारील, आणि उदाहरण देईल स्पेनमधल्या अस्तुरियासचे. तिथली सिद्रा जवळपास बिनवायूची असते. बाटली डोक्यावर धरून खाली कमरेपाशी तिरक्या धरलेल्या पेल्यात बारीक धार सोडतात, आणि त्या आपटण्याने क्षणभर जो फेस येतो तेवढ्यात घोट संपवतात. २०२४ मध्ये युनेस्कोने या सायडर-संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पण अस्तुरियासची सिद्राही बाटलीतच असते. आणि ती शांत राहावी म्हणून तिच्यातली साखर भरण्याआधी संपलेली असावी लागते. फेस नको असेल तरी उरलेल्या साखरेचा हिशेब चुकत नाही, फक्त उत्तर शून्य यावे लागते.

मराठी वाचकाच्या मनात मात्र आणखी एक शंका असेल, आणि ती चवीची नाही. घरी केलेली दारू म्हटले की आपल्याला मालाडचे मालवणी आठवते. जून २०१५ मध्ये तिथे शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. तशा दुर्घटनांत मारेकरी असतो मिथेनॉल, आणि तो औद्योगिक रसायन म्हणून बाहेरून आलेला असतो. फळातल्या पेक्टिनमुळे सायडरमध्येही थोडे मिथेनॉल असते, पण ते अल्प, आणि ऊर्ध्वपातन नसल्याने कुठल्या एका भागात साठत नाही. घरच्या सायडरचा खरा धोका विषाचा नाही, काचेचा आहे. अर्थात महाराष्ट्रात हा वाद पुस्तकी राहतो, कारण १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू तयार करणे गुन्हा आहे, मग ती स्वतःसाठी का असेना. इंग्लंडात १७६३ मध्ये लॉर्ड ब्यूट यांच्या सरकारने सायडरवर, घरी करणाऱ्यालाही न वगळता, पिंपामागे चार शिलिंग कर लावला. अबकारी अधिकारी घरात शिरणार म्हणून एवढा क्षोभ झाला की ब्यूट गेले आणि १७६६ मध्ये करही गेला. आज तिथे घरगुती वापरासाठी कितीही करा, कोणी विचारत नाही. १९७६ पासून वर्षाला सात हजार लिटरपर्यंत विकणाऱ्या छोट्या उत्पादकांनाही करमाफी मिळत आली. त्याच देशात, कायद्याच्या व्याख्येनुसार, पस्तीस टक्के रस असला तरी बाटलीवर सायडर लिहिता येते. उरलेले पाणी, साखरेचा पाक आणि दाबाने भरलेला वायू. या पेयाचा दर्जा कारखान्यात कायम राखणे सोपे आहे, कारण त्यात शिल्लक असे काही जिवंत नसते.

आणि इथेच कारखान्याची बाजू सर्वांत बळकट दिसते. लोकांना सायडर गोड आणि फेसाळ हवी असते. घरी या दोन गोष्टी एकत्र आणणे जवळजवळ अशक्य आहे. गोडी म्हणजे साखर, साखर म्हणजे यीस्टला खाद्य, खाद्य म्हणजे दाब. कारखाना यीस्ट मारून, गाळून, साखर घालून वरून वायू भरतो. घरी बाटल्या गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारता येते. पण गरम करताना दाब आणखी वाढतो, म्हणून ते काम हलक्या बाटल्यांवर करू नये. नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या शेतकऱ्यांनी वेगळी वाट काढली आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत बुद्धिमान वाटते ती हीच. उशिरा पिकणारी, नत्रखत न घातलेल्या जुन्या झाडांची फळे ते थंडीत दळतात आणि लगदा काही तास तसाच ठेवतात. सालीजवळचे पेक्टिन रसात उतरते, फळातल्याच एन्झाइमने बदलते, कॅल्शियमशी बांधले जाते आणि आंबण्याच्या पहिल्या बुडबुड्यांबरोबर तपकिरी साय बनून वर येते. खालचा रस नितळ असतो, आणि यीस्टला लागणारे बरेचसे नत्र त्या सायीत अडकलेले असते. यीस्ट उपाशी राहते, पण साखरेपायी नव्हे. नत्र नसल्याने त्याला वाढता येत नाही. आंबणे महिनोन्‌महिने रेंगाळते आणि साखर शिल्लक असतानाच जवळपास थांबते. तेव्हा १.०१५च्या आसपास बाटली भरतात, सायडर आणखी दोन-चार अंश खाली सरकते आणि तिथेच राहते. गोड, फेसाळ, अल्कोहोलने हलकी. वरून काही घातलेले नाही. मात्र यातला ‘जवळपास’ हा शब्द फार महाग पडू शकतो. कुठल्या वर्षी यीस्ट किती उपाशी आहे हे आधी कळत नाही, म्हणून ही सायडर शॅम्पेनच्या जाड बाटलीतच भरतात.

साध्या, साखर मोजून घातलेल्या सायडरसाठीही जाड बाटलीचा आग्रह धरावा. साध्या वाइनची बाटली दाबासाठी केलेलीच नसते. बियरच्या बाटलीवर लिटरमागे तीन लिटर वायूच्या पलीकडे भरवसा ठेवू नये. शॅम्पेनच्या वापरलेल्या बाटल्या फुकट मिळतात, स्वच्छ धुतल्या की पुन्हा चालतात. त्यांच्या तोंडाला बहुधा २९ मिलिमीटरचे पत्र्याचे टोपण बसते, नेहमीचे बियरचे २६ मिलिमीटरचे नाही. भरताना वर दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडायची. आणि प्रत्येक खेपेला काचेच्या बाटल्यांबरोबर सोडावॉटरची एक प्लास्टिकची बाटली त्याच सायडरने, त्याच प्रमाणाच्या साखरेने भरून त्याच खोलीत ठेवायची. काचेतला दाब बाहेरून दिसत नाही. प्लास्टिकची बाटली अंगठ्याने दाबून पाहता येते. ती दाबली न जाण्याइतकी कडक झाली, की सगळ्या बाटल्या थंड जागी हलवायच्या. आणि ठरल्या वेळेच्या फार आधी कडक झाली, तर हातमोजे घालून, बाटलीच्या तोंडावर जाड टॉवेल धरून, एकेक टोपण सैल करत वायू सोडायचा.